वीजबिल कमी करायचे तर आधी उष्णतेचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातले सगळे दिवे एलईडीचे केले, मोबाइलचे चार्जर काम झाले की काढून ठेवतो, टीव्हीही भिंतीवरच्या बटणावरून बंद करतो, तरी बिल काही हलत नाही. आता खिडक्यांना दुहेरी काच बसवावी, छपरावर सोलर पॅनल टाकावेत, की सॉकेटमध्ये लावायचे ‘पॉवर सेव्हर’ यंत्र घ्यावे, हे ठरत नाही. हाताशी पैसे मर्यादित आहेत, तर आधी काय करावे?

घरांची ऊर्जा तपासणी हे माझे रोजचे काम आहे आणि जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न याच क्रमाने निघतो. मुख्य उत्तर आधीच सांगतो. घराचे बिल हे बहुतांशी उष्णतेचे बिल असते. पाणी तापवणे, खोली गार किंवा ऊबदार करणे, फ्रिजमधून उष्णता बाहेर काढणे, कपडे यंत्रात वाळवणे, अशा जिथे जिथे उष्णता तयार करावी लागते किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागते, तिथे वीज ढिगाने जाते. उजेड, आवाज, पडद्यावरचे चित्र, फोन यांना त्या मानाने फारच थोडी लागते. तुम्ही केलेली कामे योग्यच आहेत. फक्त त्यांचा वाटा लहान होता, आणि मोठा वाटा अजून तसाच आहे.

आकडे पाहिले की हे लगेच पटते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६०० किलोज्यूल. त्यावरून शंभर लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट उष्णता लागते, यंत्र कितीही महागाचे असले तरी. आता मोबाइल घ्या. त्याच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॅट-तास मावतात. रोज एकदा पूर्ण चार्ज केला आणि वाया जाणारी वीज त्यात धरली, तरी वर्षाला सात-आठ युनिटच्या आसपास. म्हणजे एका फोनचे वर्षभराचे चार्जिंग आणि दोनशे लिटर गरम पाणी यांचा खर्च जवळपास सारखा. चार्जर काढून ठेवायची काळजी घेणाऱ्या घरात गिझर दिवसभर चालू असतो, हे मी सतत पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण मेहनत खरी असते, पण ती चुकीच्या जागी पडलेली असते.

दिव्यांचे तुम्हाला फळ मिळाले आहेच. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड एलईडी ८-९ वॅटमध्ये देतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते उगाच नाही; निळ्याशिवाय पांढरा उजेड झालाच नसता. पण ती बचत एकदा झाली की संपली. आता तिथे अजून कमी करण्यासारखे काही उरत नाही.

पैसे खर्च करण्याआधी मोजा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, दारातले मीटर पुरते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. मग दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचे. पाच सेकंद लागले तर त्या क्षणी घर २२५ वॅट खाते आहे, पंधरा लागले तर ७५ वॅट. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, ११२५ च्या जागी जे येईल ते वापरा. अचूकता हवी तर दहा लुकलुकींचा वेळ घ्या आणि दहाने भागा.

आता खरी परीक्षा. घरातले सगळे ‘बंद’ करा, फ्रिजसुद्धा दहा मिनिटांपुरता, आणि मीटरपाशी उभे राहा. दिवा जवळजवळ थांबायला हवा. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर सगळे बंद असताना ११२ वॅट जात आहेत. तो आकडा लहान वाटतो, पण तो चोवीस तास आणि वर्षभर चालतो, म्हणून त्याचे वर्षाला ९८० युनिटपेक्षा जास्त होतात. सतत चालणाऱ्या भारासाठी एक सोपा आडाखा लक्षात ठेवा: एक वॅट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. मग वितरण पेटीतले एमसीबी, म्हणजे एकेका भागाची वीज तोडणारे छोटे स्विच, एकेक करून खाली पाडा आणि कोणता पाडल्यावर लुकलुक मंदावते ते बघा. चोर कोणत्या खोलीत आहे ते पाच मिनिटांत कळते.

हा चोर बहुतेक वेळा टीव्ही नसतो. स्टँडबायमध्ये उपकरणाने एक वॅटपेक्षा जास्त खाऊ नये, ही भूमिका आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच मांडली. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा सक्तीची केली, आणि त्या दडपणाने जगभरची उपकरणे सुधारली. त्यामुळे अलीकडचा टीव्ही स्टँडबायवर ठेवल्याने वर्षाला चार-पाच युनिट जातात, बस. जास्त खाणारे असतात ते सेट-टॉप बॉक्स, जुनी म्युझिक सिस्टिम, बॅटरी भरलेली असतानाही गरम राहणारा इन्व्हर्टर, मत्स्यपेटीचा हीटर, आणि आत कुठेतरी चालू राहिलेला गिझर. ज्या उपकरणाचा डबा हाताला कायम कोमट लागतो, तिथे वीज जाते आहे असे खुशाल समजा.

एवढे झाले की घराच्या कवचाकडे वळू. इथेच सर्वांत जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुमच्या दुहेरी काचेचा प्रश्न घ्या. दीड चौरस मीटरची एक खिडकी, एकेरी काचेची. काचेतून आरपार जाणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. एकेरी काचेसाठी दर चौरस मीटरला दर अंशामागे साधारण ५.७ वॅट, साध्या दुहेरी काचेसाठी त्याच्या निम्मे. बाहेर ३६ आणि आत २६ अंश असतील तर एकेरी काचेतून आत येतात ८५ वॅट. दुहेरी काच लावली की राहतात त्रेचाळीस-एक. वाचले बेचाळीस वॅट. आता तीच खिडकी पश्चिमेची असेल आणि दुपारी चारचे ऊन तिच्यावर सरळ पडत असेल, तर त्या एका खिडकीतून ऊन म्हणून आत येणारी उष्णता असते आठशे वॅटच्या आसपास. साधी दुहेरी काच त्यातला थोडासाच भाग अडवते. म्हणजे उष्ण हवेच्या ठिकाणी महागडी काच बेचाळीस वॅट वाचवते आणि आठशेच्या मोठ्या भागाला आत येऊ देते. त्याऐवजी खिडकीच्या बाहेर छज्जा, चिक, झडप, जाळीदार पडदा, पानांचा वेल, काहीही लावून ऊन काचेपर्यंत पोचूच दिले नाही तर आठशेतले सहा-सातशे वॅट तिथेच थांबतात. खर्चही काचेच्या तुलनेत किरकोळ.

‘बाहेर’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो आहे. आतला पडदा ओढला की खोलीत अंधार होतो आणि वाटते की ऊन अडवले. पण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पांढऱ्या अस्तराचा पडदा थोडी परतवतो, गडद रंगाचा जवळपास काहीच नाही. काचेला हात लावून पडद्याच्या मागची हवा अनुभवा, मग माझे म्हणणे कळेल.

थंड प्रदेशात हाच हिशेब उलटा फिरतो. आत २०, बाहेर शून्य अंश असतील तर त्याच एकेरी काचेतून १७० वॅट बाहेर जातात, आणि ते दिवसरात्र. दुहेरी काचेने ८५ वॅट वाचले तर एका खिडकीमागे दिवसाला दोन युनिट उष्णता राहिली. तिथे दुहेरी काच, त्यातही उष्णता परतवणारा अदृश्य थर दिलेली आणि मध्ये आर्गॉन वायू भरलेली, पूर्णपणे योग्य. त्यामुळे ‘दुहेरी काच चांगली का?’ याला सरसकट उत्तर नाही. तुमच्या खिडकीतून उन्हाने किती येते आणि तापमानातल्या फरकाने किती जाते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर आपोआप मिळते. आवाज कमी व्हावा म्हणून काच बदलणार असाल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा बचतीच्या नावाखाली तो खर्च मांडू नका.

छप्पर खिडकीपेक्षाही मोठे असते, विशेषतः वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. माथ्यावरच्या उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॅटपर्यंत ऊर्जा पडते. गडद पृष्ठभाग त्यातली नव्वद टक्के शोषतो, चांगला पांढरा लेप नवा असताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास परतवतो. दुपारच्या वेळी अशा दोन गच्च्यांच्या पृष्ठभागात सहज २० ते ३० अंशांचा फरक पडतो. ज्या हवेत वर्षाचा बहुतेक काळ घर गार करावे लागते तिथे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. लेप धुळीने मळतो, म्हणून वर्षातून एकदा धुवावा लागतो, हे विकणारा सांगत नाही. जिथे हिवाळा लांब असतो तिथे पांढऱ्या छपराने उपयोगी ऊनही परत जाते, त्यामुळे तिथे इन्सुलेशनवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरावर, भर द्या.

इन्सुलेशनबद्दल लोक दोन टोकांना असतात. एक तर काहीच करत नाहीत, नाहीतर जाडीच्या मागे लागतात. पंधरा सेंटीमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून दर चौरस मीटरला दर अंशामागे साधारण चार वॅट जातात. त्यावर पाच सेंटीमीटर चांगला फोम घातला की तो आकडा ०.६ वर येतो, म्हणजे ८५ टक्के घट. आणखी पाच सेंटीमीटर घातले की ०.३२. दुसऱ्या थरालाही पहिल्याइतकेच साहित्य लागले, पण मूळ चार वॅटमधले जेमतेम सात टक्केच त्याने वाचवले. कडाक्याच्या थंडीत ते सात टक्केही मोलाचे असतात. इतरत्र उरलेले पैसे दुसऱ्या कामाला लावा. साहित्य कोणतेही असो, ते कोरडे राहिले पाहिजे. आत पाणी शिरलेले इन्सुलेशन निम्मेही काम करत नाही आणि ते वरून दिसतही नाही. आणि चकाकणारा फॉइल लावणार असाल तर त्याच्या चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी हवीच. दोन्हीकडून चिकटवून टाकलेला फॉइल उष्णता परतवत नाही, तो फक्त धातूचा पातळ पत्रा होतो.

फटींकडे कुणी बघत नाही, कारण त्यांचे कुठे बिल येत नाही. दरवाजाच्या खालची फट, खिडकीच्या सरकत्या चौकटी, पाइप भिंतीतून जातो तिथली भोके, माळ्याची झडप. वारा असलेल्या दिवशी उदबत्ती पेटवून या जागांपाशी हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा ओढला किंवा ढकलला जात असेल तर तिथून तुमची गार किंवा गरम केलेली हवा निघून चालली आहे. रबरी पट्टी, दाराखालचा ब्रश, सिलिकॉन, एवढ्यात बहुतेक काम होते आणि एका सुट्टीच्या दिवसात उरकते. गरम हवा वर चढते म्हणून थंडीत वरच्या फटींतून ती बाहेर जाते आणि खालच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. दुमजली घरात वरच्या फटी बुजवल्या की खालच्या मजल्यावर पायाला लागणारा वारा कमी होतो, असा अनुभव बरेच जण सांगतात.

हे सगळे किती दूरवर नेता येते याचे उदाहरण जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात आहे. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनचे प्राध्यापक बो अ‍ॅडमसन यांच्यासोबत मांडलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ या कल्पनेतून तिथे चार जोडघरे उभी राहिली आणि १९९१ मध्ये कुटुंबे त्यात राहायला आली. आज त्या पद्धतीचे मानक असे आहे की घर ऊबदार ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त उष्णता लागू नये, आणि चाचणीत पंख्याने ५० पास्कल इतका दाब दिला असता तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा फटींतून जाऊ नये. जाड इन्सुलेशन, तिहेरी काचा, घट्ट सांधे, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत घेणारी वायुवीजन यंत्रणा, एवढ्यावर ते साधते. जुन्या घरात तुम्हाला इतके गाठायचे नाही. पण त्या मानकात हवेच्या गळतीला काचेइतकेच महत्त्व दिले आहे, एवढे ध्यानात असू द्या.

इथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे, ती कृपया नीट वाचा. ज्या खोलीत गॅसवर चालणारा गिझर, शेगडी किंवा कोणतेही ज्वलन होते, तिथली हवा खेळती राहण्याची झरोके-जाळी कधीही बुजवू नका. अपुऱ्या हवेत ज्वलन झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. बचतीसाठी न्हाणीघराची जाळी पुठ्ठ्याने झाकलेली मला दिसली की बाकी तपासणी बाजूला ठेवून आधी तो पुठ्ठा काढायला लावतो.

आता यंत्रे. एसी गारवा ‘तयार’ करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक टनाचा एसी म्हणजे पूर्ण जोरात सेकंदाला साडेतीन हजार ज्यूल उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. चांगले यंत्र एक वॅट विजेत तीन-चार वॅट उष्णता हलवते. मघाची ती पश्चिमेची खिडकी आठवा: तिची आठशे वॅट उष्णता परत बाहेर टाकायला एसीला दोनशेहून जास्त वॅट मोजावे लागतात, रोज दुपारी, अख्खा उन्हाळा. म्हणून आधी ऊन अडवायचे आणि मग एसी निवडायचा. तसे केले तर एसीही लहान लागतो.

१६ वर ठेवला तर खोली लवकर गार होते, ही समजूत सोडून द्या. २६ वर ठेवला तरी खोली तापलेली असताना यंत्र पूर्ण जोरातच धावते. १६ चा अर्थ एवढाच की २६ गाठल्यावरही ते थांबत नाही. बाहेर ३६ असताना २५ ऐवजी २६ ठेवले तर भिंती-काचांतून येणाऱ्या उष्णतेत अकरातला एक भाग कमी होतो, आणि सोबत पंखा चालू ठेवला तर अंगाला दोन-तीन अंश कमीच वाटते. पंखा खोली गार करत नाही, अंग गार करतो. म्हणून माणूस खोलीबाहेर गेला की पंखा बंद.

दमटपणाचा खर्च लोक मोजतच नाहीत. अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी, आणि तीही माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. हवेतल्या दमटपणामुळे कागद फुगत-आकसत होता, रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. हवेतला ओलावा काढणे हे मुख्य काम होते. आजचा एसीही तेच करतो, आणि त्यात त्याची बरीच वीज जाते. हवेतून एक लिटर पाणी काढायचे म्हणजे साधारण ०.६८ युनिट उष्णता हलवावी लागते. आता एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घातले आणि त्यातून दोन लिटर पाणी हवेत गेले, तर ते सगळे एसी पुन्हा थेंब थेंब करून काढतो. कपडे बाहेर वाळवा. आंघोळ झाल्यावर न्हाणीघराचा दरवाजा बंद ठेवून तिथला एक्झॉस्ट पंखा चालवा. आणि गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका: साधा एसी मोठा असेल तर खोली झटकन गार करून थांबतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, खोली गार पण चिकट राहते आणि मग माणूस आणखी खाली सेट करतो.

एसीची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. बाहेरचे युनिट कोनाड्यात कोंबलेले असेल तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढते, त्यासमोर निदान हातभर मोकळी जागा ठेवा.

खोली ऊबदार करायची असेल तर हीटरच्या जाहिरातींपासून सावध राहा. तेलाचा, तारांचा, पंख्याचा, सिरॅमिकचा, कोणताही विजेचा साधा हीटर एक युनिट विजेत एक युनिटच उष्णता देतो. त्यात ‘जास्त कार्यक्षम’ असे काही नसते. फरक पडतो तो हीट पंपने. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिटमागे तीन युनिट उष्णता सहज मिळते. उलटा फिरणारा एसी म्हणजे हीट पंपच.

गरम पाण्यात हेच तत्त्व लागू आहे. हीट पंपवर चालणारा गिझर साध्या गिझरच्या तिसऱ्या हिश्श्यात तेच पाणी तापवतो, आणि रोज भरपूर पाणी लागणाऱ्या घरात तो सगळ्यांत लवकर पैसे फेडणाऱ्या यंत्रांपैकी आहे. पण त्याआधी पाणीच कमी वापरता येते का ते बघा. मिनिटाला १५ लिटर सोडणाऱ्या शॉवरऐवजी ८-९ लिटरचा लावला, तर आंघोळीची मजा फारशी कमी होत नाही आणि उष्णता जवळपास निम्मी लागते. साठवणीचा गिझर वापराच्या थोडे आधी लावा आणि नंतर बंद करा. ‘सतत चालू ठेवला तर कमी वीज लागते’ हे खरे नाही, कारण टाकीतून होणारी गळती पाणी जितका वेळ गरम राहील तितकी जास्त होते. मात्र साठवलेले पाणी कायम कोमट ठेवण्याच्या मोहात पडू नका. २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान साचलेल्या पाण्यात फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून मोठ्या टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे आणि नळाशी मिसळून वापरावे.

फ्रिजचे एक सुंदर उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट खात असे. कॅलिफोर्नियापासून सुरू झालेल्या कार्यक्षमतेच्या नियमांनी, ज्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड हयातभर झटले, तो आकडा फ्रिज मोठे होत असतानाही ५०० च्या आसपास आणला. त्यामुळे अडगळीत ‘दुसरा फ्रिज’ म्हणून ठेवलेला जुना फ्रिज हा बहुतेक घरांतला सर्वांत महाग फुकटचा माल असतो. सॉकेटमध्ये लावायचे एक मोजणी यंत्र मिळते, ते लावून चोवीस तासांचा वापर बघा. दिवसाला अडीच युनिट निघाले आणि नवा पाऊण-एक युनिटवाला असेल, तर वर्षाला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिटचा प्रश्न आहे. बदलायचा नसेल तर दाराचे रबर तपासा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेले. आत ४ अंश, फ्रीझरला उणे १८ पुरते. मागे हवा जायला जागा ठेवा.

पंखे लहान वाटतात, पण जिथे ते दिवसाचे बारा-बारा तास चालतात तिथे हिशेब मोठा होतो. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० वॅट. ४५ वॅटचा फरक, रोज बारा तास, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला १९७ युनिट. शिवाय वेग वीस टक्के कमी केला की हवा ढकलायला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

स्वयंपाकात झाकण ठेवा, धुण्याच्या यंत्रात गार पाणी वापरा, कारण त्या यंत्राची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. यापेक्षा जास्त इथे सांगण्यासारखे नाही.

‘पॉवर सेव्हर’ घेऊ नका. त्या डबीत सहसा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतल्या करंटपैकी किती खरोखर कामाला लागतो ते प्रमाण, सुधारतो आणि तारेतला करंट कमी दिसतो. विक्रेता क्लॅम्प मीटर लावून तोच कमी झालेला अँपिअरचा आकडा दाखवतो. पण युनिट मोजताना घरगुती मीटर खरी वापरलेली ऊर्जाच धरते, आणि ती तशीच राहते. वाटल्यास मघाच्या लुकलुकीने तपासा: डबी लावण्याआधी आणि लावल्यानंतर दोन लुकलुकींमधला वेळ बदलत नाही.

कोणत्याही खर्चाचा निर्णय एका भागाकाराने घ्या. वर्षाला वाचणारी युनिट गुणिले तुमचा दर. दर सरासरी नको, बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा घ्या, कारण तुम्ही वाचवता ती युनिट त्याच टप्प्यातून कमी होतात. खर्चाला या रकमेने भागले की किती वर्षांत पैसे परत येतील ते कळते. ते यंत्राच्या आयुष्याच्या निम्म्याहून कमी असेल तर करा.

सोलर शेवटी, आणि ते नको म्हणून नव्हे. आज वर्षाला ४००० युनिट लागत असतील आणि वरची कामे करून ती २६०० वर आली, तर पॅनलही तेवढ्याच प्रमाणात कमी लागतात. आधी पॅनल टाकले तर गळक्या घराला पुरवठा करण्यासाठी मोठी यंत्रणा विकत घेतली असे होते. कामे झाल्यानंतर सर्व ऋतू धरून बारा महिन्यांचा वापर बघा आणि त्यावर आकार ठरवा. पाण्याच्या टाकीची किंवा झाडाची सावली दिवसातून किती वेळ कुठवर येते तेही एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात पाहून घ्या, कारण एकाच साखळीतल्या एका पॅनलवर पडलेली सावली बाकीच्यांचेही उत्पादन खाली ओढू शकते. आणि छपराला लेप किंवा इन्सुलेशन करायचे असेल तर ते पॅनलच्या आधी उरका. नंतर सगळी चौकट उकलून, पुन्हा बसवून, पुन्हा गळती तपासून ते करावे लागते.